भुरीला पसंत पडलेलं स्थळ

मी तरुण होते तेव्हाची गोष्ट. म्हणजे पासष्ट-सहासष्टची असेन. आता पंच्याहत्तरीकडे झुकल्यावर त्या बाईकडे वळून पाहते तेव्हा मला हसू आवरत नाही. काय तिचा तो तोरा! कडक इस्त्रीची साडी, गळ्यात चष्म्याची साखळी, हातात कुत्र्याचा पट्टा आणि तोंडात कायम एकच वाक्य, "माझी पारख चुकत नाही."

पारख कसली, तर जोड्या जुळवण्याची. देवासच्या आमच्या मराठी मंडळींत वर्षानुवर्षं मी लग्नं जमवली. सोनकच्छच्या मुलाला धारची मुलगी, खातेगांवच्या बिजवराला बदनावरची मास्तरीण. पुढे मुलं मोबाइलवरच एकमेकांना गाठायला लागली आणि माझं दुकान बसलं. आमचे हे गेल्यावर तर घरात ऐकून घ्यायला फक्त भिंती उरल्या, आणि त्यांनाही माझा कंटाळा आला असावा, कारण पोपडे धरायला लागल्या. अशात माझी नात जनावरांची डॉक्टर होऊन देवासला राहायला आली. येताना चार कुत्री घेऊन आली.

"आजी, आपण थेरपी डॉग्जची संस्था काढू यार."

आजीला यार म्हणणारी ही पिढी. शाळा हिंदी, कॉलेज इंग्रजी, मराठी फक्त माझ्यासाठी आणि कुत्र्यांसाठी राखून ठेवलेली. तिनं मला समजावलं. शांत स्वभावाची, शिकवून तयार केलेली कुत्री आजारी, एकट्या, घाबरलेल्या माणसांकडे न्यायची. कुत्रं काही करत नाही, नुसतं जवळ बसतं. माणूस त्याच्या पाठीवरून हात फिरवतो, आणि ज्यानं कित्येक दिवस कुणाशी बोलणं टाकलेलं असतं तो कुत्र्याशी बोलू लागतो.

"नुसतं बसायचं? मग मलाच ने ना."

"तू गप्प बसतेस का कधी?"

अशी मी अध्यक्ष झाले. देवासला एके काळी एकाच गावात दोन राजे होते, थोरल्या पातीचे आणि धाकट्या पातीचे. आमच्या संस्थेतही तसंच. अक्कल सगळी धाकट्या पातीची, भाषणं सगळी थोरल्या पातीची.

कुत्र्यांची मला जन्माची भीती. पण चारातला एक लॅब्रेडॉर, कुणा बंगलेवाल्यांनी बदली झाल्यावर टाकून दिलेला, पहिल्याच दुपारी माझ्या पायावर डोकं ठेवून झोपला. भीतीनं मला पाय हलवता येईना. संध्याकाळपर्यंत तशीच बसले. पाय बधिर झाला आणि त्याच्याबरोबर भीतीही. बाकी तीन रस्त्यावरची. त्यातली भुरी माझी लाडकी. भुरी हे नाव नव्हे, रंग. एक कान फाटका, अंगानं काटकुळी आणि चेहऱ्यावर भाव असा, की जणू आत्ताच कुणी तिला फार मोठं गुपित सांगितलंय.

नातीनं त्यांना काय कडक तयार केलं होतं! कानाशी थाळी वाजवायची, दचकायचं नाही. वॉकर खडखडत अंगावर आला तर बाजूला सरकायचं. पोरांनी शेपूट ओढली तरी दात दाखवायचे नाहीत. आणि खाणं? पोळी, टोस्ट, बिस्किट, उकडलेलं अंडं, काहीही नाकासमोर पडलं तरी ढुंकून पाहायचं नाही. माझ्या मुलांना मला हे आयुष्यभर शिकवता आलं नाही.

पण कुठलं कुत्रं कुठल्या माणसाला द्यायचं हे कोण ठरवणार? इथं मी पदर खोचला. म्हटलं, हे माझं खातं. दर रविवारी सकाळी आमच्या अंगणात मी पाहण्याचा कार्यक्रम ठेवायला लागले. हो, तोच. ज्यांना कुत्र्याची गरज आहे ते खुर्चीवर बसणार, हातात पोह्यांची बशी, आणि चारही उपवर एकेक करून समोरून जाणार. जो माणसाच्या मांडीवर डोकं ठेवेल त्याची पसंती झाली, पुढे दर आठवड्याला त्यानंच त्या माणसाकडे जायचं.

"पोहे कशाला?" नात म्हणाली.

"पोह्यांशिवाय पाहणं होतं का कधी? अपशकुन."

कुत्र्यांना कांदा बाधतो, म्हणून तिनं पोहे बिनकांद्याचे करायला लावले. वर शेव नाही, जिरावण मसाला नाही. मालव्यात असे पोहे फक्त आजाऱ्याला देतात, पण आमचे पाहुणे आजारीच होते. कार्यक्रम आटोपल्यावर उरलेले पोहे कुठं जायचे ते नातीनं कधी विचारलं नाही आणि मीही कधी सांगितलं नाही.

पसंती मात्र धडाधड व्हायला लागली. मुकी झालेली एक आजीबाई, परीक्षेच्या भीतीनं शाळा सोडलेली एक मुलगी, सगळ्यांच्या मांडीवर डोकी टेकायला लागली. माणसं रडायची. मीही रडायचे आणि मग डोळे पुसून भाषण करायचे: "कुत्रं माणसाचं मन ओळखतं. पत्रिका खोटी बोलेल, कुत्रं बोलणार नाही." टाळ्या पडायच्या. सहासष्टची ती पोर टाळ्यांनी अशी काही फुगायची की इस्त्री मोडायची.

आणि एक दिवस धारहून फोन आला.

धार माझं माहेर. फोनवर बंगळुरूला नोकरी करणारा एक मुलगा. "काकू, माझ्या वडिलांना अर्धांगाचा झटका आलाय. उजवा हात गेलाय. जीभ परत आली, हातही परत येईल म्हणतात डॉक्टर, पण व्यायाम करायला हवा आणि बाबा करतच नाहीत. नुसते भिंतीकडे बघत बसतात." मग त्यानं आडनाव सांगितलं आणि गल्ली सांगितली. मी फोन कानाला तसाच धरून गल्ली पुन्हा विचारली.

कारण हे बाबा मला पाहून गेलेले होते.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची. ती तर सहासष्टवालीपेक्षाही अडाणी. वहिनीची साडी, शेजारणीनं भरलेला टेबलक्लॉथ 'मुलीनंच केलाय' म्हणून मांडलेला, पोहे तेवढे खरोखर मी केलेले. मुलगा पाटबंधारे खात्यात नवा ओव्हरसियर. मी बशी घेऊन पुढे झाले आणि गल्लीतलं एक कुत्रं उघड्या दारातून थेट आत. मी किंचाळून पलंगावर उडी मारली. बशी गेली उडत आणि पोहे झाले नव्या ओव्हरसियरच्या मांडीवर. कुत्रं शांतपणे त्यांच्याकडे गेलं, मांडीवर डोकं ठेवलं आणि जेवायला बसलं. त्यावर मला जे हसू फुटलं ते थांबेचना. पाहुणे निघाले, दारात पोचले, तरी मी पलंगावरच, पोट धरून. दुसऱ्या दिवशी निरोप आला, "मुलगी फार हसते." पुढे मला देवासचं स्थळ मिळालं, चांगलं मिळालं, पण ते वाक्य मी लोणच्यासारखं बरणीत घालून ठेवलं होतं.

तर अशी मी त्यांच्या दारात उभी राहिले, बरोबर नात आणि भुरी. चातुर्मास लागलेला. त्यांचं घर जुन्या वळणाचं, कांदा-लसूण बंद, म्हणजे पोह्यांची सोय आयतीच. त्यांच्याच स्वयंपाकघरात मी पोहे केले.

ओव्हरसियर खिडकीशी खुर्चीत बसले होते. अंगात बंडी, मांडीवर शाल, उजवा हात शालीखाली. खिडकीतून तलावाचा तुकडा दिसत होता. त्याच्या बांधाची दुरुस्ती त्यांनी उमेदीत केलेली. डाव्या हातानं पोहे खाताना निम्मे मांडीवर सांडत होते आणि दर वेळी सांडलं की ते शरमेनं भिंतीकडे तोंड फिरवत होते. नातीनं भुरीचा पट्टा सोडला. भुरी एकदा इकडे, एकदा तिकडे पाहून गेली आणि तिनं त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं.

ओव्हरसियरनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. जीभ सावकाश चालत होती, पण धार गेलेली नव्हती.

"हिनं... मला पसंत केलं?"

"केलं."

"हिच्या घरचे... काय म्हणतात?"

"हिच्या घरची मीच," म्हटलं आणि फिस्सकन हसू आलं.

"हं," ते म्हणाले. "हसण्याची खोड... गेली नाही म्हणायची."

म्हणजे ओळखलं होतं! नात माझ्याकडे बघायला लागली. मी तिला पाणी आणायला पिटाळलं.

निघताना मुलानं व्हरांड्यात गाठलं. बिचारा रजा काढून काढून थकलेला. "काकू, स्पष्ट सांगतो. एवढी वर्षं एकटे राहिले, पण आता यांना स्वतःच्या हातानं जेवताही येत नाही नीट. सांडतं म्हणून अर्धपोटी उठतात. दसऱ्याला मी येतोय. तोवर उजवा हात चालला, माझ्यासमोर त्या हातानं घास घेतला, तर राहू देत इथंच. एक बाई येते कामाला, तेवढ्यावर भागेल. नाहीतर बंगळुरूला बरोबर नेणार. तिकीट काढलंय."

आतून आवाज आला, "चौदाव्या मजल्यावर... काय बघू? ढग?"

मुलगा कासावीस झाला. वाईट नव्हता हो तो. त्याला वडील जिवंत हवे होते आणि वडिलांना तलाव हवा होता, एवढंच भांडण.

झालं. दर शनिवारी आमची व्हॅन देवासहून इंदूर ओलांडून धारला. आणि शनिवारी ओव्हरसियर दाढी करून बसायला लागले. कामवाली बाई म्हणायची, शुक्रवारपासून विचारतात, "उद्या... आमची येणार ना?" माझा तोरा काय वर्णावा! आपण जुळवलेल्या जोडीची ही गोडी मी देवासात हळदीकुंकवाला घरोघर सांगितली.

आणि मग तो गॅसवाला आला.

रविवार होता. अंगणात दोन पाहुणे बसलेले, पोह्यांच्या बशा अजून आतच, आणि कुत्री कुणाकडे फिरकेनात. भुरी आकाशाकडे बघतेय, लॅब्रेडॉर घोरतोय. मी पाहुण्यांना सांगतेय, "संकोची आहेत, वेळ लागतो." तेवढ्यात फाटकातून गॅसवाला आत. खांद्यावर सिलिंडर, दुसऱ्या हातात ठेल्यावरच्या पोह्यांचा कागद. त्यानं सिलिंडर टेकवला आणि दम खायला पायरीवर बसला. चारही उपवर एकदम उठले. एक मांडीवर, एक गुडघ्यावर, भुरी छातीशी, आणि लॅब्रेडॉरला जागा उरली नाही म्हणून तो सिलिंडरला मिठी मारून.

गॅसवाला हात वर करून ओरडला, "माताजी, मेरे को तो कोई बीमारी नी है!"

नातीनं आधी धावत जाऊन त्या कागदात कांदा आहे का ते पाहिलं. नव्हता. मग ती माझ्याकडे वळली.

"आजी. चौघांनी या गॅसवाल्या भियाला पसंत केलंय."

"दिलाचा चांगला असेल."

"आजी, उरलेले पोहे कुठं जातात?"

मी आकाशाकडे पाहिलं. अगदी भुरीसारखं.

पोळी, टोस्ट, बिस्किट, अंडं, सगळ्या दारांना तिनं कुलपं घातली होती आणि मी मागच्या खिडकीतून दर रविवारी वाडग्यानं पोहे आत टाकत होते. म्हणजे एवढ्या साऱ्या पसंत्या? पोह्यांच्या. मन-बिन कुणी ओळखलेलं नव्हतं. आणि हे शास्त्र तर धारच्या त्या पहिल्या कुत्र्यानं पन्नास वर्षांपूर्वी माझ्या डोळ्यांसमोर, पलंगाच्या पायथ्याशी, अगदी सविस्तर शिकवलं होतं! पण एकोणीसची हसत होती आणि सहासष्टची भाषण करत होती. दोघींपैकी एकीनं पाहिलं असेल तर शपथ.

नात आधी रागावली, मग पायरीवर बसून गॅसवाल्याच्या खांद्याला टेकून हसली, मग फर्मान काढलं: पोहे बंद. कुत्र्यांना कुत्र्यांचंच खाणं. जोड्या ती स्वभाव बघून लावणार. जुन्या जोड्याही परत तपासायच्या, ज्यांची जमत असेल त्यांची राहील.

मला बाकी कुणाची काळजी नव्हती. मुक्या आजीबाईंना कुठलंही कुत्रं चाललं असतं. पण धारचं काय? भुरी आत गेली, पोहे नाहीत म्हणून दारातच बसून राहिली, तर त्या माणसाला काय वाटेल? 'आमची' म्हणत होता तो. दसरा तोंडावर आलेला, आणि फिजिओवाली ताई प्रत्येक वेळी मान हलवून म्हणत होती, "हात जैसा का वैसा है. बाबा कोऑपरेटच करत नाहीत." त्यात भुरीनंही पाठ फिरवली असती तर ओव्हरसियर आपणहून बॅग भरून बसले असते.

शनिवारी व्हॅनमध्ये मी एक अक्षर बोलले नाही. नातीनं दोनदा कपाळाला हात लावून ताप बघितला.

दार उघडलं. घरात पोह्यांचा वास नाही, बशी नाही. नातीनं पट्टा सोडला. आणि भुरी तीरासारखी गेली. सरळ त्यांच्या उजव्या बाजूला, शालीत नाक.

"बघ!" मी नातीला कोपरानं ढोसलं. "बघ, बघ! हे पोह्यांचं नव्हतं. पारख आहे माझी!"

नात चक्रावली. त्यापुढच्या शनिवारीही तेच, त्याच्या पुढेही. माझा तोरा परत आला, उलट दुप्पट होऊन. आता कळतं की डोळे उघडे असते तर सगळं दिसत होतं. भर उकाड्यात तो माणूस मांडीवर शाल घेऊन बसायचा. कामवाली बाई कुरकुरायची, बंडीच्या खिशाला हळद कुठून लागते, डाग निघत नी. मी तिला म्हटलं, "हळदीचा लेप लावत असतील." खिशाला लेप! अध्यक्ष होते मी संस्थेची.

दसरा आला. मुलगा आला. दारात त्याची बॅग होती आणि तिच्या शेजारी वडिलांची, भरलेली. पान मांडलं, पुऱ्या, श्रीखंड, बटाट्याची भाजी. ओव्हरसियर खुर्चीत, समोर छोटं टेबल. आम्ही सगळे भोवती उभे, जसं काही बाळाचं उष्टावण आहे.

"बाबा, उजव्या हातानं. एक घास."

शाल हलली नाही. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"बाबा, प्लीज."

नाही. मुलानं घड्याळ पाहिलं. मग हळूच म्हणाला, "ठीक आहे. गाडी तीनला सांगितलीय." आणि तो व्हरांड्याकडे वळला. मला तेव्हा हसू येत नव्हतं, एवढं लिहिते.

भुरीला मात्र हा उशीर सहन होईना. तिचं तिकडे काहीतरी नेहमीचं येणं होतं. तिनं एकदा कुईं केलं, दोनदा केलं आणि मग दातांनी शाल धरून ओढली. शाल खाली पडली. ओव्हरसियरचा उजवा हात बंडीच्या खिशात होता. तो थरथरत बाहेर आला, मुठीतून पिवळे पोहे गळत होते. मूठ भुरीच्या नाकापाशी गेली आणि एकेक बोट करून सावकाश उघडली. भुरीनं तळहात चाटून स्वच्छ केला, मग फरशी. हात परत खिशात गेला, परत मूठ भरून आला.

"बाबा!" मुलगा दारातून ओरडला.

ओव्हरसियर पकडलेल्या चोरासारखे थिजले. नात माझ्याकडे बघून म्हणाली, "पोहे बंद केले होते ना आपण?"

"आपण केले," मी म्हटलं. "यांनी नाही."

मग हळूहळू बाहेर आलं. पहिल्याच दिवशी त्यांच्या लक्षात आलं होतं, ती कशासाठी आली ते. "त्या दिवशीचं कुत्रं... मी पलंगावरून... पाहिलेलं नाही. मांडीवर पाहिलंय," ते म्हणाले. तेव्हापासून भुरी यायच्या दिवशी न्याहारीला बाईकडून पोहे करून घ्यायचे आणि ताटलीतले उजव्या हातानं खिशात. आधी चिमूट, मग बोटभर, मग मूठ. मंगळवारी, बुधवारी दार लावून सराव. भुरी आली की शालीखाली हात उघडायचा.

"मग फिजिओसमोर का नाही? माझ्यासमोर का नाही?" मुलगा खुर्चीपाशी आला.

"सांडतं." ते म्हणाले. "तुम्ही सगळे... सांडलेलं बघता. ही खाते. सांडलं की... हिला आनंद."

नातीनं तोंड फिरवलं, ती तशी रडकी आहे. मग मुलगा नियमावर बोट ठेवून म्हणाला, पण हळू आवाजात, "मी स्वतः घास घ्यायचं म्हटलं होतं, बाबा."

"अरे, भरवता येतं त्याला खाता येत नाही होय?" मी मध्ये पडले. "तोंड कुणाचंही असो, हात यांचाच ना? शब्द मांज्यासारखा काय ताणतोस!"

ओव्हरसियरनी मला डाव्या हातानं गप्प केलं. उजवा हात टेबलावर ठेवला. पुरीचा तुकडा तुटेना, तसा त्यांनी तो नाद सोडला आणि बोटं सरळ श्रीखंडात घातली. निम्मं मिशीला, थोडं बंडीला, थोडं भुरीच्या फाटक्या कानाला, आणि बरंचसं तोंडात. गिळलं. भिंतीकडे पाहिलं नाही. मुलाकडे पाहिलं.

आणि मला फुटलं. हसू, तेच ते, एकोणीस वर्षांचं, न थांबणारं. केशरी मिशीचा तो माणूस, कान चाटायला जीभ पुरेना म्हणून गोल गोल फिरणारी भुरी. मी बसायला काही शोधलं तर मागं त्यांचा पलंग होता, त्याच्यावरच कोसळले. मुलगाही हसायला लागला, डोळे पुसत पुसत. त्यानं फोन काढून तीनच्या गाडीला नाही सांगितलं आणि वडिलांची बॅग उचलून आत नेली.

जेवणं झाल्यावर आपट्याची पानं आली. ओव्हरसियरनी एक पान उचलायला किती वेळ घेतला! दोनदा निसटलं. कुणी मदत केली नाही. तिसऱ्यांदा बोटांत धरून त्यांनी ते माझ्यापुढे धरलं.

"सोनं घ्या."

मी पलंगावरूनच हात पुढे केला. "मुलगी फार हसते, नाही का?" म्हटलं. बरणी शेवटी उघडलीच.

"ते आमच्या आत्याबाई बोलल्या," ते म्हणाले. "मी दारात... थांबलो होतो. तुम्ही पलंगावरून... उतरलाच नाहीत."

नातीनं परतीच्या वाटेवर व्हॅनमध्ये संस्थेचा नियम सुधारला: पोहे बंद, धार वगळून.